डाव्या बाजूची खोडलेली ओळ

न्हाई, मला एकच सांगा तुम्ही... कागद माझा होता का न्हाई? अव ती घागर सरकवा जराशी फुडं, टँकर काय इतक्यात येत न्हाई, नऊला येतो म्हणले म्हणजे बाराला बी आला तर मोप झालं! तीन साल झाले आभाळानं आपल्याला तोंड दाखवलं न्हाई, तिथं टँकरवाल्याचं काय घेऊन बसलाव? बसा की, ऐका की. तर मी काय म्हणून राहिलो... कागद रामकिशनच्या वहीतला, पेन रामकिशनचं, अक्षर रामकिशनचं, सगळं कबूल! बिलकुल कबूल! पन त्या कागदावर जे लिवलं होतं ते कुणाचं होतं? माझं! मग मला सांगा, कागद माझा का न्हाई?

रामकिशन ठावं न्हाई तुम्हाला? हां, तुम्ही वाडीवरनं आलाव पाण्याला, तुम्हाला कुठून ठावं असणार. आमच्याच गावचा हो. माझा दोस्त. दोस्त म्हणजे... पहिलीपास्नं एका फळीवर बसलेलो, मॅट्रिकला एकाच साली नापास झालो, दुसऱ्या साली एकाच दिवशी पास झालो, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तो नाचला. अक्षर लई सुंदर त्याचं, ते मी अजून बी म्हणतो, कुणाचं चांगलं असंल ते चांगलं म्हणावं. तलावाच्या कामावर आम्ही दोघं बी होतो, दुष्काळी कामावर. मी खडी फोडायला, तो मुकादमाच्या बाजूला बसून हजेरी लिवायला. मी उन्हात, तो बाभळीखाली. आता बगा, तवाच मला कळायला पायजे होतं का न्हाई?

त्यात लातूर जिल्हा झाला! काय ती खुशी, काय ते फटाके! आता आमचं बगा, माझा आबा बीदर जिल्ह्यात जन्मला, मी उस्मानाबाद जिल्ह्यात जन्मलो, माझी पोरगी लातूर जिल्ह्यात जन्मली, आन् घर एकच! तीच खोली, तीच बाज! आम्ही कुठं बी गेलो न्हाई, जिल्हेच आमच्या अंगावरून गेले. पन ह्या टायमाला गावात हवाच निराळी. जिल्हा झाला म्हणजे हापिस आलं, हापिस आलं म्हणजे टेबल आलं, टेबल आलं म्हणजे खुर्ची आली, आन् खुर्ची आली म्हणजे तिच्यावर कुणीतरी बसायला पायजे का न्हाई? जो तो म्हणून राहिला, मी बसतो. ज्याला सही येत न्हाई तो बी म्हणून राहिला, मी बसतो, सही कुणाला तरी करू दे!

मग चाकूरला शाळेत एक साहेब आला, नोकरीचं मार्गदर्शन करायला. मी आन् रामकिशन गेलो सायकलवर डबलसीट, मी चालवायला, तो मागं. साहेब पुण्याकडचा असावा, कारण त्याला पाणी दिलं तर अर्धा गिलास प्याला आन् अर्धा तसाच ठिवला टेबलावर! सगळी शाळा त्या अर्ध्या गिलासाकडं बगून राहिली, त्याचं भाषण कोण ऐकतंय? पन मी ऐकलं. माझं नशीब फुटकं, मी ऐकलं! ‘मित्रांनो,’ म्हणला, ‘नोकरी शोधण्याआधी स्वतःला शोधा. स्वतःला ओळखा! एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा, मला काय काय येतं. उजव्या बाजूला लिहा, मला काय हवं आहे. आणि नेमकं लिहा! जे लिहाल तेच मिळेल!’

आता हे कुणाला खोटं वाटंल? रामकिशननं तिथंच वहीतला कागद फाडला, पायरीवर बसून उभी रेघ मारली, अशी सरळ की बगत राहावं. म्हणला, ‘व्यंकट्या, आधी तुझा भरू. बोल. उजवी बाजू. काय पायजे तुला?’ त्याला काय इचार करायला लागतो का? मी म्हणलं, लिव, ‘सावलीत बसून काम’. बस. दोन साल उन्हात खडी फोडलेल्या माणसाला दुसरं काय पायजे असतंय? मला साहेब व्हायचं न्हाई, मला बंगला नको, मला डोक्यावर कायतरी छप्पर असलेलं काम पायजे, बसून करायचं! त्यानं लिवलं. उजवी बाजू एका ओळीत खतम.

पन डावी... डावी बाजू तीन दिवस खाली! तीन दिवस मी सोताला वळखून राहिलो आन् हाती कायबी लागंना. मग म्हणलं लोकांना इचारू. तलावाच्या कामावर दुपारच्याला भाकरी सोडल्या आन् इचारलं, बाबांनो, खरं सांगा, मला काय येतंय? तर काय हो, सगळ्यांच्या तोंडात घास तसाच! धुरपता मावशी, आमच्या गँगमधली सगळ्यात वडील, ती म्हणली, ‘व्यंकटी, लेकरा, तुला खाली बसता लई चांगलं येतंय. मुकादम पाठमोरा झाला की तू बसलेलाच.’ सगळे हसले. एक म्हणला, ‘ह्याला घामच येतोय, दुसरं काय येतंय?’ घरी आबाला इचारलं. आबा बाजंवर पडल्या पडल्या म्हणला, ‘तुला? तुला भाकर मोडता येती.’ बाप हो सोताचा! मग चांगुणाला इचारलं, म्हणजे आमच्या मंडळीला. ती लई येळ इचार करत बसली, पीठ तसंच परातीत. मग म्हणली, ‘आवं, तुम्हाला राग चांगला येतोय. आन् लगेच इसरता बी येतंय.’ मी म्हणलं, अगं हे नोकरीच्या कामाचं हाय का? तर म्हणली, ‘नोकरीत दुसरं काय लागतंय?’

आता बोला!

चौथ्या दिवशी रामकिशनच म्हणला, ‘तुझं तुला जमायचं न्हाई. तू बोल, मी लिवतो.’ आन् बाभळीखाली बसून इचारायला लागला, वकिलासारखा, एकामागं एक. ‘सायकलचं पंक्चर काढतोस का न्हाई?’ काढतो. ‘लिवू का?’ लिव. ‘भजनात टाळ वाजवतोस का न्हाई?’ वाजवतो. ‘पवतोस का न्हाई?’ पवतो, लिव पोहणं! अव दोन साल बादलीत पाय बुडवायला पाणी न्हाई आन् मी लिवून राहिलो पोहणं! पन डावी बाजू भरत चालली, मला बी जरा बरं वाटून राहिलं, म्हणलं आपण अगदीच बेकार न्हाई. आन् मग तो म्हणला, ‘आन् ते? मुन्शीजीचं?’

थांबा, हे नीट ऐका, सगळं ह्याच्यावरच हाय. आमचा आबा निजामाच्या टायमाला गावचा कोतवाल. पटवाऱ्याचं दफ्तर, लाल फडक्यात बांधलेला हा एवढा बस्ता, तो डोक्यावर घेऊन उदगीरला तहसिलीत न्यायचा आन् तिथून परत आणायचा. साऱ्या गावाच्या जमिनी, विहिरी, झाडं, सगळं आबाच्या डोक्यावर! आन् त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येईना, सगळं उर्दूत. त्या गोष्टीची त्याला लई सल. म्हणला, मी वाहिलं, माझा पोरगा वाचंल. आता निजाम गेला, उर्दू गेली, सगळी दुनिया मराठी शिकून राहिली, आन् आमचा आबा मला धरून उदगीरच्या मुन्शीजीकडं! चार उन्हाळे, तुम्हाला सांगतो, चार उन्हाळे! बाकी पोरं कैऱ्या पाडून राहिली आन् मी मुन्शीजीच्या वसरीत. ‘बेटे, जल्दी नक्को. पुराना कागज हय, बुड्ढे आदमी के माफिक हय, आहिस्ता बात करता.’ ते जुनं अक्षर लई वंगाळ, एकात एक गुंतलेलं, बिंदी कुठं तर अक्षर कुठं. पन आलं. वाचता आलं मला.

तवापास्नं गावात कुणाच्या पेटीत जुना कागद निघाला की येतेत, ‘व्यंकटी, जरा बग रे काय म्हणतोय.’ मी बगतो. च्या पाजतेत. न्हाई पाजला तर न्हाई. आता मला सांगा, जे फुकट करतो त्याला कुणी कौशल्य म्हणतंय का? मी रामकिशनला म्हणलं, गड्या, मेलेल्या सरकारची लिपी ती, तिच्यावर कोण नोकरी देतंय? हसतील लोकं. त्यानं तर लिवून बी टाकलं होतं, ‘जुनी उर्दू दफ्तरं वाचता येतात’. मी म्हणलं, खोड ते. तो म्हणला, ‘खोडू?’ मी म्हणलं, खोड. ‘बग हां, खोडतोय.’ खोड की गड्या! तीनदा इचारलं त्यानं, निकाहात इचारतेत तसं, आन् तीनदा मी कबूल म्हणलं! मग त्यानं रेघ मारली. बारीकशी, एकच, खालचं वाचता येईल अशी. मला सुंदर अक्षरात नक्कल करून दिली आन् तो खोडाखोडीचा कागद आपल्या वहीत ठिवला. म्हणला, ‘तुला कशाला कचरा?’

कचरा!

दोघांनी जाऊन रोजगार हापिसात नाव नोंदवलं, कार्डं काढली, सहा महिन्यानं दोघांना बी बोलावणं आलं. लातूरला एक नवं हापिस. हापिसाचं नाव घेत न्हाई, मला अजून तिथं काम पडतंय. शिपायाची जागा, एकच. रामकिशनकडं धड शर्ट नव्हता, म्हणून मी माझ्या लग्नातला शर्ट त्याला दिला. सोताहून दिला हो! मी म्हणलं, तुझी झाली काय आन् माझी झाली काय, एकच. मूर्ख माणूस कसा असतोय ते बगायचं असंल तर बगून घ्या, तिकीट न्हाई.

तिथं बाकड्यावर बसलो. उशीर लागला तसा रामकिशन बाहीर गेला, तिथल्या शिपायाबरूबर च्या प्याला, परत आला तर त्याचं तोंडच निराळं. मी म्हणलं, काय म्हणतोय शिपाई? ‘काय न्हाई, उन्हाचं म्हणून राहिला.’ उन्हाचं! मागून कळलं त्या शिपायानं काय सांगितलं होतं ते. म्हणे, उस्मानाबादेवरनं दोन ट्रक बस्ते आलेत, निम्मे उर्दूत, सगळ्या हापिसात एकाला वाचता येईना, उंदरं खाऊन राहिलीत, साहेब म्हणतोय जो वाचंल त्याला घिऊन टाकतो. हे त्याला ठावं झालं, मी बाजूला बसलेलो, आमच्या दोघांत एक वीत जागा... आन् तो म्हणला उन्हाचं!

पहिलं माझं नाव फुकारलं. आत तीन साहेब. आन् वर पंखा! गरगर गरगर... मी पंख्याकडंच बगून राहिलो, म्हणलं उजवी बाजू हीच. साहेब म्हणला, ‘हं, काय काय येतं तुम्हाला?’ मी घडाघडा म्हणलं, सायकलचं पंक्चर, भजनात टाळ, पोहणं. ‘पोहणं?’ साहेब म्हणला, ‘कुठं पोहता हल्ली?’ मी पुन्हा पंख्याकडं बघितलं! मग तो म्हणला, ‘आणखी काही?’ आणखी काही... तुम्हाला सांगतो, जिभेवर आलं होतं. इथवर आलं होतं! पन कागदावर नव्हतं ना! आपण सोताला वळखलेलं, रेघ मारून, नक्कल करून! मी म्हणलं, ‘न्हाई साहेब. बस एवढंच.’

मग रामकिशन आत गेला. मी खिडकीखाली उभा, तिथं भिंतीची सावली होती म्हणून. आन् आतून आवाज, ‘साहेब, मला जुनी उर्दू दफ्तरं वाचता येतात.’ मला वाटलं माझ्याबद्दल सांगून राहिला! देवाशप्पथ, मला वाटलं दोस्त माझी शिफारस करून राहिला, माझे डोळे भरून आले! तर फुडं म्हणतोय, ‘उदगीरच्या मुन्शीजीकडं चार उन्हाळे शिकलो.’ अरे, ते उन्हाळे माझे! ‘आमच्या वडलांनी सारी उमर डोक्यावर दफ्तर वाहिलं, साहेब.’ अव आबा बी माझा! त्याच्या बापाचं तर भुसाराचं दुकान हाय, त्यानं डोक्यावर कधी टोपीबिगर कायबी वाहिलं न्हाई!

साहेबानं म्हणे एक जुना कागद ठिवला फुडं. मी म्हणलं, आता पडतोय उघडा. त्याला अलिफ येईना का बे येईना. तर काय हो... ‘मौजे अमुक, तालुके उदगीर, जिल्हे बीदर, बहुकुमे सरकारे आली...’ मोठ्या सरकारच्या हुकमानं, असं मी कागद वाचताना सुरवातीला जे म्हणतो ना, तेच! पंधरा साल माझ्याच बाजूला बसून ऐकलेलं! तेवढंच घोळून घोळून, कधी वर, कधी खाली, मधीच मान हलवून, मधीच ‘आहा’ म्हणून... धडाधडा! तीन साहेब, एक नागपूरचा, एक साताऱ्याचा, एक कोकणातला, कुणाला काय कळतंय? ‘वा! वा!’ आतून टाळी वाजली हो.

परत येताना यष्टीत माझ्याच बाजूला बसला. माझ्याच शर्टात. चाकूर आलं तवा मी म्हणलं, रामकिशन, कागद माझा होता का न्हाई? तर म्हणतो कसा, ‘व्यंकट्या, तुला मी तीनदा इचारलं. तूच म्हणलास खोड. तू टाकलेलं, बेवारस पडलेलं, ते मी उचललं तर चोरी कशी?’ मला तर क्षणभर वाटलं, बरूबर म्हणून राहिला! असं बोलतोय तो.

मी सोडलं न्हाई. गुरुपादप्पाकडं गेलो, आमचे सरपंच. म्हणलं अप्पा, न्याय करा. अप्पांनी सुपारी कातरली, कातरली, लई येळ कातरली, मग इचारलं, ‘वही कुणाची?’ त्याची. ‘पेन कुणाचं?’ त्याचं. ‘अक्षर?’ त्याचं. ‘मग तुझं काय होतं रे बाबा?’ मी म्हणलं, अप्पा, मला येत होतं! ‘येत होतं तर सांगायचं होतंस की साहेबाला. साहेबानं इचारलं न्हाई?’ इचारलं. ‘मग तू काय म्हणलास?’ बस एवढंच म्हणलो. अप्पा म्हणले, ‘मग बस. एवढंच.’ आन् सुपारी तोंडात टाकली.

झालं, रामकिशन कामावर लागला. गावात त्याला रामकिशनराव म्हणायला लागले. मी चांगुणाला सांगून ठिवलं, त्यानं ह्या उंबऱ्याला पाय लावला तर तंगडी मोडीन. आन् पहिल्याच ऐतवारी हा उंबऱ्यात! सायकलला मागं लाल फडक्यातला बस्ता बांधलेला. ‘व्यंकट्या, जरासं बग की गड्या. साहेबानं उद्याच्याला मराठीत उतारा मागितलाय.’ मी म्हणलं, बोंबल जा. तूच वाच, धडाधडा! तर ते बेणं जात न्हाई, उभंच. मग तोच म्हणला, ‘बरं, जातो. मी आपला अंदाजानं लिवून देतो.’ मी म्हणलं, काय अंदाजानं? ‘ही धुरपता मावशीची विहीर हाय न्हवं, तिच्यावर शेजारचा पाटील दावा सांगून राहिलाय. कागद हाच. विहीर कुणाची ते लिवायचंय. पाटलाचीच असंल बहुतेक.’

अंदाजानं! ह्या दुष्काळात सगळ्या शिवारात त्या एका विहिरीला हातभर पाणी, मावशीचं सगळं घर त्याच्यावर, आन् हा अंदाजानं लिवून राहिला! मी त्याच्या हातातला कागद हिसकून घेतला, लिंबाखाली बसलो. आहिस्ता. दीड तास लागला. शेवटाला निघालं, विहीर आन् काठावरचा आंबा, मालक मावशीचा सासरा, नावानिशी, दस्तखतासकट. मी सांगितलं, त्यानं सुंदर अक्षरात लिवलं. मावशीची विहीर राहिली. दुसऱ्या दिवशी मावशी गूळ घिऊन आली... रामकिशनच्या घरी! ‘देवमाणूस हो माझा रामकिशन!’

तवापास्नं दर ऐतवारी. तो बस्ता आणतोय, मी वाचतो, तो लिवतोय. आबा बाजंवरून बगत राहतोय, त्याला काय समजंना पन खुश हाय, बस्ता पुन्हा घरात आला म्हणून. आन् चांगुणा? तिला मी तंगडी मोडायचं सांगून ठिवलं होतं. ती त्याला च्या करून देती! वरून म्हणती, ‘भाऊजी, लई वाळलाव हो, हापिसात काम जास्त पडतंय का?’

पन थांबा, अजून न्हाई झालं. दोन महिन्यामागं बस्ते लई वाढले म्हणून साहेबानं आणखी एक जागा काढली. त्याच कामाची! रामकिशननंच येऊन सांगितलं, माझ्या गळ्याला पडला. ‘व्यंकट्या, आता तुझं पाप फिटलं!’ म्हणला. पाप माझं! पन मी सगळा राग इसरलो, चांगुणा म्हणती तसं. ह्या टायमाला सोता कागद घेतला, सोताच्या वेड्यावाकड्या अक्षरात, डाव्या बाजूला एकच ओळ, ‘जुनी उर्दू दफ्तरं वाचता येतात’. खाली रेघ मारली, वर न्हाई! आबाला वाचून दाखवलं तर म्हातारा उठून बसला.

गेलो. तेच हापिस, तोच पंखा, तेच साहेब. साहेबानं एक जुना कागद फुडं ठिवला. मी बघितलं, वंगाळ अक्षर, एकात एक गुंतलेलं, मुन्शीजीची याद केली आन् वाचायला लागलो... आहिस्ता. एक शबूद वाचायचा, थांबायचं, बिंदी हुडकायची, मागं यायचं, पुन्हा फुडं. ज्याला खरंच वाचता येतंय तो असाच वाचतो हो! साहेबानं घड्याळाकडं बघितलं. म्हणला, ‘तुम्ही फारच अडखळता. आमचे रामकिशनराव तर धडाधडा वाचतात.’ मग म्हणला, ‘पण आपण उगाच निवाडा नको करायला. जाणकार माणूस आहे आपल्याकडं. बोलवा रामकिशनरावांना!’

आला रामकिशन. साहेब म्हणला, ‘हे जे वाचतायत ते बरोबर आहे का? तुम्हीच तपासा.’ त्यानं कागद हातात घेतला. तुम्हाला सांगतो, उलटा घेतला! मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं खाली बघितलं, सोताच्या शर्टाकडं. शर्ट अजून माझाच होता. मला वाटलं, आता म्हणंल. एवढ्यांदा फसवलं, पन आता म्हणंल, साहेब, ह्याच्यासारखं वाचणारा जिल्ह्यात न्हाई. पहिलीपास्नं एका फळीवर बसलेला माणूस हाय, म्हणंल. तर घाम पुसला आन् म्हणला, ‘न्हाई साहेब. ह्यांना जमत न्हाई. चुकतेत.’

मला रडू आलं, त्यात लाजायचं काय. यष्टीत खिडकीकडं तोंड करून चाकूरपर्यंत रडत आलो. नोकरीचं न्हाई हो एवढं... आबा घरी उठून बसलेला होता ना, त्याला काय सांगू? मी म्हणलं, जागाच रद्द झाली. तो पुन्हा आडवा झाला, कूस बदलून.

तुम्ही म्हणाल, कामून तोंड उघडलं न्हाई तिथं? अव उघडलं असतं तर साहेब म्हणला असता, सिद्ध करा. सिद्ध कोण करणार? तपासायला कोण बोलावणार? रामकिशनरावांना! साऱ्या जिल्ह्यात एकच जाणकार तो, माझ्याच जिवावर झालेला! आन् समजा त्याची नोकरी गेली, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणखी अंदाजानं लिवणारा येणार. मावशीच्या विहिरीसारख्या अजून किती विहिरी हायेत त्या बस्त्यात... मी मोजतच न्हाई आता.

त्याच ऐतवारी आला बरं का! डोळ्यात पाणी आणून म्हणला, ‘व्यंकट्या, समजून घे गड्या. तुला पास केलं असतं तर तू हापिसातच वाचला असतास सगळ्यांसमोर, मग मला कोण इचारतंय?’ खरं बोलला, पहिल्यांदाच. मी लई शिव्या घातल्या. इतक्या घातल्या की चांगुणा बाहीर आली. मग म्हणली, ‘झालं का? बस्ता उन्हात पडलाय.’ मी उचलून सावलीत घेतला. कागद उन्हात ठिवायचा नसतोय, मुन्शीजी म्हणायचे, शाई उडून जाती.

आन् आज काय वार हाय? ऐतवार! ते बगा, तिकडं धुरळा उठला... अव उठू नका, बसा, टँकर न्हाई तो! टँकरचा धुरळा मोठा असतोय. ती सायकल हाय. मागं लाल फडकं दिसून राहिलं का? हां, तोच. दोन बस्ते दिसतेत आज. आन् अंगात शर्ट कुठला हाय ते मी इथूनच सांगतो तुम्हाला!

चला, उठतो. माझी घागर बगा हं जरा, टँकर आला तर नंबर धरा, मी लिंबाखालीच हाय, हाक मारा. आता ह्याच्यावर रागावून बी काय करायचं? चाकूरचा साहेब खोटं बोलला न्हाई हो. म्हणला होता, नेमकं लिवा, जे लिवाल तेच मिळंल. मी काय लिवलं होतं उजव्या बाजूला? ‘सावलीत बसून काम.’ मिळालं की! सावली हाय, बसणं हाय, काम तर दोन दोन बस्ते हाय... पगार तेवढा लिवायचा राहून गेला.